मानाचे साक्षीदार

माझी आजी वर्षातून तीनदा घर बदलायची. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, थोरल्या काकांकडे, पोळ्याला आमच्याकडे आणि संक्रांतीला धाकट्या काकांकडे. तिघे भाऊ धामणगाव रेल्वे या एकाच गावात राहायचे, त्यामुळे प्रवास फार नव्हता. एक गल्ली, एक नाला, पुन्हा एक गल्ली. पुढं आजी, तिच्यामागं गाठोडं डोक्यावर घेतलेली माय आणि सगळ्यात मागं आजीचा पितळी तांब्या धरलेली मी. गाठोड्यात दोन लुगडी, एक गोधडी आणि तंबाखूची डबी. दारात बसलेल्या बाया विचारायच्या, "आता कोनाची पाळी वं?" आजी चालता चालता सांगायची, "मधल्याची."

आजोबा अचानक गेले तेव्हा त्यांच्या नावावर दोन खोल्यांचं घर होतं. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. तिघांचे संसार दोन खोल्यांत मावेनात म्हणून घर विकलं आणि तीन वाटे केले. आजीचाही एक वाटा असतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आजीच्याही नाही. माझे काका चांगले होते, बाबाही चांगले होते. तिला कोणी उपाशी ठेवलं नाही की वाकडं बोललं नाही. पण आमच्या टिनाच्या खोलीत, जिथं आम्ही पाच जण आणि पाळी असली की आजी सहावी, तिथं डब्यातला गुळाचा खडा घ्यायचा तरी ती मायला विचारायची. सासू सुनेला. "घेऊ का वं एक?" मायचं तोंड उतरायचं. "घ्या ना आत्या, इचारता काय." पुढच्या वेळी आजी पुन्हा विचारायची.

बाबा बाजार समितीत मापाडी होते. तूर, हरभरा, सोयाबीन, जे येईल त्याची मापं करायची. पोतं मागं पोतं. काम असलं तर चूल पेटायची, बाजार बंद असला तर माय शेजारून पीठ आणायची आणि आम्ही तिघं भावंडं ते कोणाला सांगायचो नाही. त्यातलं एक भावंड पुढं तापानं गेलं. राहिलो मी आणि माझा धाकटा भाऊ.

मापाड्यांची एक रीत आहे. मोजताना पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. तोंडातून पहिला शब्द शुभ निघाला पाहिजे. बाबा घरी आम्हा पोरांना भाकरी वाढतानासुद्धा लाभ, दोन, तीन असंच मोजायचे. हे सांगून ठेवते, कारण पुढं याच सवयीनं मला घाम फोडला.

मी बी.कॉम. झाले. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहिते, कारण आमच्या घराण्यात ते आधी कोणी लिहिलेलं नाही.

मग अकोल्याला सरकारी कार्यालयात लागले. लग्न झालं, तिथंच स्थिरावले. गेली कित्येक वर्षं माझं टेबल पेन्शनचं आहे. समोर दिवसभर म्हातारी माणसं. त्यातही विधवा बाया जास्त. एक पिशवी, पिशवीत प्लास्टिकची दुसरी पिशवी, तिच्यात घडी पडून फाटलेले कागद. "पाह्य ना बाई, याच्यात मायं नाव हाय का?" नाव असलं की त्यांचा चेहरा असा काही होतो की मी ते नाव दोनदा वाचून दाखवते. नसलं की मला आजीचा तांब्या आठवतो.

बाबांनी उतारवयात अमरावतीत एक लहान घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी. वर एक खोली भावानं चढवली. तो विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, बायकोसोबत तिथं राहतो. घर बाबांच्या नावावर. माय सत्तरीकडे, बाबा पंच्याहत्तर ओलांडलेले, आणि बाबांना साखर.

आता बाबांच्या साखरेबद्दल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टरीणबाई आहेत, चाळिशीच्या, हसतमुख आणि मेल्या खोटं बोलू देत नाहीत. त्या दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला लावायच्या. बाबा तपासणीला परीक्षा समजायचे. आठ दिवस आधी अभ्यास सुरू. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथी, रात्री अर्धी भाकरी. परीक्षेच्या दिवशी साखर अगदी गुणी. पास झाले की तिथूनच परभारे दही-चटणी घातलेला गिला वडा आणि घरी येताना जिलबी, तीही मायसाठी म्हणून आणलेली.

एकदा डॉक्टरीणबाईंनी न सांगता दुसरीच तपासणी लिहिली. कागद हातात आला तसा त्यांनी चष्मा वर केला.

"काका, ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सांगते. गेल्या आठवड्यातलं कारलं हिला दिसत नाही."

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बाई, तुमी पोर्शन बदलला आन सांगतलं बी नाई."

हा किस्सा बाबा स्वतःच गल्लीतल्या बाकावर बसणाऱ्या दोस्तांना सांगत फिरले. आम्हीही हसलो. मग एके दिवशी सकाळी ते भाजीबाजारातून घरी आले ते एकाच चपलेवर. माय अंगणात तांदूळ निवडत होती.

"अवो, दुसरी चप्पल कुठी हाय?"

बाबांनी पायाकडे पाहिलं. "असंन की पायात."

नव्हती. कुठं गळली, त्यांना पत्ता नव्हता. माय हसायला लागली. हसता हसताच तिनं त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्यात बाभळीचा काटा, चांगला बोटाच्या पेराएवढा, रक्त सुकून काळं झालेलं. तिनं तो ओढून काढला आणि वर पाहिलं. बाबा शेजाऱ्याशी बोलत होते. बोलणं झाल्यावर म्हणाले, "काढतेस का मंग काटा?"

मायनं मला ऑफिसात फोन केला. चपलेचं मोठ्यानं हसून सांगितलं. काट्याचं अगदी हळू सांगितलं.

शनिवारी मी अकोल्याहून गाडीत बसले, बडनेऱ्याला उतरले, ऑटो केला आणि घरी पोहोचले. साखरेनं बधिर झालेल्या पायांचं काय करायचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. मी दुसरं बोलायला गेले होते. जेवणं झाल्यावर विषय काढला. बाबा, घराचं लिहून ठेवा. तुमच्यानंतर घर मायचं, असं स्पष्ट. मृत्युपत्र करा.

'मृत्यू' हा शब्द त्या घरात पडला तसे बाबा चटका बसल्यासारखे मागं सरकले.

"मी काय मरून राहिलो?"

"नाही."

"मंग?"

"लिहिल्यानं कोणी मरत नाही, बाबा. न लिहिता मात्र रोज मरतात. माझ्या टेबलावर येतं ना सगळं."

"जिंदगीभर मी एकाले एक नाई म्हटलं. लाभ म्हटलं. आन आता त्या नावाच्या कागदावर सही करू? नाव तरी बदला त्याचं."

भाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्याचा आवाज चढला नाही, पण मला कळलं की त्याला लागलंय.

"ताई, मी मायले घराबाहेर काढीन असं वाटते का तुले?"

"नाही वाटत."

"मंग हे कायले?"

"काकांनी आजीला काढलं होतं का रे?"

 तो मोटार तपासायची आहे म्हणून उठला. ज्या मोटारीचं तो बोलत होता ती दुकानात होती.

माय कोपऱ्यात संत्री सोलत होती. शेंदूरजनाघाटच्या कोणी पाहुण्यानं पिशवी भरून दिली होती. तिनं वर न पाहताच म्हटलं, "कायले भांडता गा? माह्यं काय मोठं. अखाजीपर्यंत लेकापाशी राहीन, मंग चार महिने अकोल्याले लेकीपाशी. लेकीकडचं पानी मानवते मले. दोन लुगडे तर हायेत."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. तिच्या डोक्यात तो हिशोब तयारच होता, कोणी न सांगता. बाबांच्या हातात संत्र्याची फोड होती. ती त्यांनी खाल्ली नाही. परत ताटलीत ठेवली आणि आडवे झाले.

मी रविवारी रिकाम्या हातानं अकोल्याला परतले.

दहा दिवसांनी बाबांचा फोन. "बाई, झाला."

"काय झालं?"

"कागद. तुले पायजे होता ना. झाला तो. साक्षीदारही असे पक्के घेतले का अमरावतीत कोनी बोट नाई दाखवू शकत."

मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. बाबा कोणाचीही मदत न घेता काही करतात तेव्हा असंच होतं. पुढच्या शनिवारी मी कागद वाचला. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतलेला, अक्षर छापल्यासारखं. घर स्वकष्टाचं, ते माझ्या पश्चात पत्नीला. स्वच्छ. एकही शब्द जास्त नाही. खाली बाबांची सही, आणि दोन साक्षीदार. एक गल्लीतले निवृत्त गुरुजी, वय शहाऐंशी. दुसरे बाकावरचे आप्पा, वय ब्याऐंशी.

मी कागद खाली ठेवला.

"बाबा, हे दोघं तुमच्याहून मोठे आहेत."

"मंग? लहान घेऊ?"

"साक्षीदार कशाला असतो, माहीत आहे ना? तुम्ही गेल्यावर कोणी विचारलं तर त्यानं उभं राहून सांगायचं असतं, की हो, माझ्यासमोर सही केली."

बाबांना हे पटेना. साक्षगंधात कोण बसतं, त्यांनी मला उलट विचारलं. लग्न ठरवताना साक्षीला गावातली सगळ्यात वडीलधारी माणसं बसवतात, आणि बसतात तीही वयाच्या मानानं, पहिला पाट सगळ्यात म्हाताऱ्याला. "पोट्ट्यासोट्ट्यायची साक्ष कोन मानते? गुरुजीच्या सहीले वजन हाय." त्या दिवशी दोघा मानकऱ्यांना त्यांनी गिला वडाही खाऊ घातला होता आणि स्वतःही खाल्ला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. मायनं सांगितलं.

मी पुन्हा करा म्हटलं. बाबा म्हणाले, असा कागद दोनदा करत नसतात, अपशकुन होतो.

दीड महिन्यानं गुरुजी गेले. शांतपणे, सकाळचा चहा पिऊन. बाबा मोक्षधामातून आले, मागं न्हाणीत आंघोळ केली, आणि ओट्यावर बसून मायला म्हणाले, "अर्धा कागद गेला वं."

माय म्हणाली, "अजून एक हाय ना."

त्या एकाला भेटायला मी स्वतः बाकावर गेले, बाबांसोबत. आप्पांना कानानं कमी येतं. मी वाकून विचारलं, "आप्पा, बाबांच्या कागदावर तुम्ही सही केली होती, आठवते का?"

"सही?" आप्पा विचारात पडले. "सहीचं नाई आठवत बाई. गिला वडा होता त्या दिवशी. चटणी फस्कलास होती."

घरी येताना बाबा पुढं चालत राहिले. पट्ट्याची नवी चप्पल वाजत होती तेवढीच. फाटकाशी आल्यावर थांबले.

"म्हंजे आज मी गेलो, तर तुह्या मायच्या हातात गिला वडाच राह्यला."

"तसंच काहीसं."

"तुह्या आजीच्या हातात तांब्या तरी होता."

तो तांब्या आमच्याच घरात आहे, देवापाशी. आजी गेली ती धाकट्या काकांच्या पाळीत, आणि तिचं गाठोडं सोडायला तिघंही भाऊ बसले होते. बाबांनी तांब्या तेवढा मागून घेतला होता. त्या दिवशीपर्यंत बाबा त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

"कोन पायजे साक्षीले?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याहून लहान. धडधाकट. घरातलं नको, आणि ज्याला काही मिळणार आहे तो नको."

बाबांनी खरोखर विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले, सोबत माय आणि मी. तपासून झाल्यावर म्हणाले, "बाई, मले तुमची सही पायजे. औषधाच्या कागदावर नाई."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, सही करीन, आणि तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात, डोकं ठिकाणावर आहे, असा दाखलाही वेगळा देईन, तो सोबत जोडा.

माय म्हणाली, "त्याची एक कापी मले द्या. फ्रेम करून लावते. पन्नास वर्सं झाले, मले शंकाच हाय."

"पण माझी फी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबांनी खिशात हात घातला.

"ती नाही. तीन महिन्यांनी तीच तपासणी करू, जिच्यात कारलं दिसत नाही. तिचा आकडा मी सांगते तेवढ्यात आणून द्यायचा. ही फी."

"हे तर व्याजानं वसूल करनं झालं," बाबा म्हणाले. पण हो म्हणाले.

दुसरी साक्ष बाबांनी स्वतःच ठरवली. नाक्यावरच्या मेडिकल दुकानाच्या मालकीणबाई, पस्तिशीच्या. बाबांचं कारण पक्कं होतं. "मी कोनती गोळी खाल्ली आन कोनती खाल्ली म्हनून सांगतलं, हे तिलेच मालूम हाय. तिच्यापुढं खोटी सही होतच नाई."

मसुदा या वेळी वकिलाकडून लिहून घेतला. भावाला मी फोन केला आणि घाबरतच विचारलं, वाचून दाखवू का? तो म्हणाला, "मायनंतर तुह्यं काय लिहिलं?"

"मायनंतरचं मायला ठरवू दे."

"आन तू?"

"तुझ्याकडं एवढंच मागते. तेव्हा हक्कसोडीच्या कागदासोबत साडी घेऊन येऊ नको."

बहिणीनं घरावरचा हक्क सोडून द्यायचा आणि भावानं तिला साडी द्यायची, ही आमच्याकडची जुनी वाट. तो हसला. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा मोकळा हसला. "साडी तर आनतोच," म्हणाला, "कागद नाई आनत." नोंदणीच्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि सगळ्यांना ऑटोतून तोच घेऊन गेला. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कुठं निघाली म्हणून शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "बुढ्याच्या लग्नाले."

नोंदणी कार्यालयात बाबांचा अंगठा उमटेना. यंत्रावर ठेवला, पुसून ठेवला, दाबून ठेवला. रेषाच नव्हत्या. तिथल्या बाईंनी ओला रुमाल दिला, तरी नाही.

"काका, अंगठ्याचं काय केलं?"

"पोत्यायले देल्ला," बाबा म्हणाले. "दुसरं बोट चालते का?"

दुसऱ्या हाताचं मधलं बोट चाललं. मग डॉक्टरीणबाईंनी सही केली, मेडिकलवाल्या बाईंनी केली, आणि कार्यालयातल्या बाईंनी कागद बाबांपुढं सरकवून म्हटलं, पानं मोजून घ्या.

बाबांनी चष्मा लावला. बोटाला थुंकी लावली.

"लाभ," ते म्हणाले, आणि पहिलं पान उलटलं. "दोन. तीन. चार. बरोबर हाये."

साक्षीदारांना ते गिला वडा खाऊ घालायला निघाले होते. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. शेवटी सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, आणि तो किती बेचव आहे यावर बाबा घरी येईपर्यंत बोलत होते.

आता रोज संध्याकाळी माय अंगणात खुर्ची मांडते, चष्मा लावते आणि बाबांचे दोन्ही तळवे उलटसुलट पाहते. बाबांना याची लाज वाटते. "लोक पाह्यते," म्हणतात. माय म्हणते, "पाहू द्या. सनावाराले पाया पडतच होती, तवा नीट पाह्यले नाई, आता पाहून राहिली." औषधांची यादी कपाटाच्या दाराला चिकटवली आहे, कोणती कधी, माझ्या अक्षरात, मोठ्या. नोंदलेला कागद मायच्या लोखंडी पेटीत आहे. एक प्रत भावाकडे, एक माझ्याकडे अकोल्याला. पहिला कागद बाबांनी फाडला नाही. गुरुजींची सही आहे म्हणून जपून ठेवला आहे, आणि वर तिरपी रेघ ओढून 'रद्द' असं स्वतः लिहिलं आहे.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंची फी चुकती झाली. आकडा त्यांनी सांगितला त्याच्या आत आला, काठावर, पण आत. या वेळी आठ दिवसांचा अभ्यास चालणार नव्हता, आणि बाबांनी तो केलाही नव्हता.

बाबांची तब्येत बरी आहे. त्यांच्यानंतर हे घर मायचं, एकटीचं, असं लिहून, नोंदवून ठेवलेलं आहे. आमच्या घराण्यात बाईच्या नावानं घर पहिल्यांदाच लिहिलं गेलं आहे.